वाऱ्याआडची जागा : शिडाच्या गलबताचा रात्रीचा मुक्काम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्याच वर्गात मी खारे वारे आणि मतलई वारे हे दोन शब्द प्रथम ऐकले. तिगावच्या मुलाला या दोन शब्दांचा काय उपयोग, असा प्रश्न त्या वेळी मनात आला होता. आपल्या गावापासून अरबी समुद्र सहाशे किलोमीटरांहून दूर. आपल्या जाम नदीचे पाणीही तिकडे जात नाही. ते कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. पुढे पोटापाण्याच्या निमित्ताने कोकणात भूगोलाचा अध्यापक म्हणून माझे आयुष्य गेले आणि त्या दोन शब्दांनीच तिथल्या खलाशांचा दिवस कसा बांधलेला आहे हे पाहायला मिळाले. व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य समितीने मला दिले, तेव्हा संत्र्याच्या मुलखातील श्रोत्यांपुढे समुद्राचा विषय मांडावा की नाही, असा संकोच क्षणभर वाटला. परंतु वाऱ्याशी आपलाही संबंध येतोच. वैशाखातले वावधन एका रात्रीत आंबिया बहाराची फळे जमिनीवर आणते, हे आपणांस मी सांगायला नको.

विषय असा आहे की, शिडाचे गलबत किनाऱ्याकिनाऱ्याने चालले आहे, दिवस मावळायला आला आहे आणि वारा जोरात आहे. अशा वेळी रात्रीपुरता नांगर कोठे टाकावा? प्रश्न लहान दिसतो. पण तीनशे वर्षांपूर्वी आरमारे त्यावर तरली आणि बुडाली, आणि आजही वादळाची सूचना आली की कोकणातल्या हजारो मच्छीमारांना तोच प्रश्न पडतो.

प्रथम वाऱ्याचा दिनक्रम पाहू. पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत, कोकणच्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा वारा वाहू लागतो. फेब्रुवारीनंतर तो चांगलाच जोर धरतो. रात्री जमीन थंड झाली की उलटा, पूर्वेकडून मतलई वारा सुटतो; पहाटे त्याला बळ असते. म्हणून जुन्या काळचा तांडेल सूर्यास्तापूर्वी आसऱ्याला जाई आणि पहाटे तीन-चार वाजता मतलई धरून बाहेर पडे. मुंबईकडे जाणाऱ्या गलबताला दुपारचा वारा जवळजवळ समोरून येतो, त्यामुळे नागमोडी वाट काढीत वर चढावे लागते. पहाटेचा वारा मात्र बाजूने मिळतो आणि गलबत सरळ धावते. या चक्रात रात्रीच्या मुक्कामाची जागा ही सोयीची बाब राहत नाही. ती चुकली तर झोप जाते, पहाटेची मतलई जाते आणि कधी गलबतही जाते.

अडचण येते ती चक्र मोडल्यावर. एखाद्या संध्याकाळी वायव्येचा वारा सूर्याबरोबर मावळत नाही. रात्रभर तसाच सोसाट्याने वाहतो, मतलईला डोके वर काढू देत नाही. किनारा पूर्वेला आणि वारा पश्चिमेकडून. नांगर सुटला तर गलबत थेट खडकावर जाणार. वारा ज्या किनाऱ्यावर येऊन आदळतो त्या किनाऱ्याजवळ रात्री थांबायचे नाही, हा पहिला नियम प्रत्येक दर्यावर्दी जातीने आपापल्या भाषेत सांगितलेला आहे. उलट ज्या किनाऱ्यावरून वारा पाण्याकडे वाहतो तेथे नांगर सुटला तरी गलबत मोकळ्या समुद्राकडे ढकलले जाते आणि माणसाला विचार करायला वेळ मिळतो. रात्रीच्या अंधारात हा वेळच मोलाचा असतो.

आता आसरा म्हणजे नेमके काय? नवख्याला वाटते, उंच कड्याच्या पायथ्याशी गेलो की वारा लागणार नाही. प्रत्यक्षात उंच कड्यावरून वारा खाली कोसळतो. त्याचे झोत कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने येतात आणि गलबत नांगराभोवती भोवऱ्यासारखे फिरू लागते. त्यापेक्षा बेताच्या उंचीचा, झाडांनी भरलेला काठ बरा. याचे कारण आपण आपल्या बागेत पाहिलेले आहे. संत्र्याच्या बागेला पश्चिमेकडून व दक्षिणेकडून सुरू किंवा शेवरीची रांग लावतात. भिंत बांधली तर वारा तिच्यावरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरे करतो. झाडांची रांग वाऱ्याला गाळून घेते, आणि तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहतो. माड-पोफळींनी भरलेला खाडीचा काठ गलबतासाठी हेच काम करतो.

परंतु वारा अडला म्हणजे लाट अडली असे नाही. समुद्रावरची लांब लाट भूशिराला वळसा घालून आत शिरते. वारा एका दिशेने आणि लाट दुसऱ्या, अशा जागी गलबत वाऱ्याकडे नाळ करून उभे राहते आणि लाट त्याच्या कुशीवर येते. रात्रभर ते पाळण्यासारखे हलते, दोर घासतो, डोलकाठी करकरते. म्हणून नकाशावर गोलाकार दिसणाऱ्या उपसागरापेक्षा वळण घेऊन आत गेलेली खाडी केव्हाही चांगली.

या दृष्टीने कोकणच्या किनाऱ्याकडे पाहिले तर निसर्गाने फार असमान वाटणी केलेली दिसते. देवगडचे बंदर डोंगरांच्या कवेत आहे. बाहेर समुद्र खवळलेला असताना आत पाणी शांत राहते. त्याच्या उत्तरेला वाघोटनच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. या खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा नाही, पाणी खोल आहे, आणि किल्ल्याच्या भूशिराने दक्षिणेची बाजू झाकलेली आहे. गिर्ये येथे मराठ्यांची गोदी होती, ती याच खाडीच्या भरवशावर. शास्त्री नदीच्या मुखावरचे जयगड हेही असेच आसऱ्याचे ठिकाण. याउलट मालवण पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ मध्ये सुरू झाले, ते जागा दुर्गम म्हणूनच. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि त्यातून जाणारी वाट दिवसाउजेडी, माहितगारालाच सापडते. शत्रूला अडविणारे हे खडक वादळी रात्री आश्रयाला येणाऱ्या मित्रालाही ओळखत नाहीत. किल्ल्यासाठी उत्तम जागा आणि नांगरासाठी उत्तम जागा या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे मालवण आणि विजयदुर्ग यांची तुलना करताना मला नेहमी जाणवते.

जागा ठरली की पाण्याखालची जमीन पाहायची. जुने खलाशी शिशाचा गोळा दोरीला बांधून खाली सोडीत. गोळ्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरलेली. दोरीवरच्या खुणांवरून किती वाव पाणी आहे ते कळे आणि चरबीला चिकटून आलेल्या वाळू-चिखलावरून तळ कसा आहे ते कळे. घट्ट चिखल किंवा चिखलमिश्रित वाळू असेल तर नांगर रुततो. खडकावर तो घसरत जातो, नाहीतर कपारीत असा अडकतो की सकाळी दोर कापून नांगर तिथेच सोडावा लागतो. फार मऊ गाळ असला तर नांगर लोण्यातल्या सुरीसारखा ओढला जातो. आज खोली यंत्र दाखविते, पण तळाचा चिखल घट्ट की पातळ हे अजूनही नांगर टाकून, जरा ओढून, हाताने दोराची थरथर पाहूनच ठरविणारे तांडेल मी पाहिले आहेत.

दोर किती सोडावा, हा खरा कळीचा मुद्दा. येथे मी आपल्या गोठ्यातला दृष्टान्त देतो. खुंट्याला बैल आखूड दाव्याने बांधला आणि त्याने मान वर करून हिसका दिला, तर खुंटा वर उपटला जातो. दावे लांब असेल तर तोच हिसका खुंट्याला आडवा लागतो आणि खुंटा उलट जमिनीत घट्ट बसतो. नांगराचे अगदी तसेच आहे. दोर जितका लांब तितकी ओढ आडवी आणि नांगर तितका रुतलेला. साखळी असेल तर तिच्याच वजनाने ती तळावर पडून राहते आणि लाटेचा हिसका मधल्या मध्ये जिरवते. शांत हवेत पाण्याच्या खोलीच्या तीन-चार पट दोर चालतो. जोराच्या वाऱ्यात सात पट, आणि केवळ दोरच असेल तर त्याहूनही अधिक सोडतात.

विद्यार्थिमित्रांनो, एक लहान गणित करून पाहा. ओहोटीच्या वेळी चार मीटर पाण्यात नांगर टाकला. गलबताची नाळ पाण्यापासून एक मीटर उंच. एकूण पाच मीटर, त्याच्या सात पट पस्तीस मीटर. तांडेल निश्चिंत झोपला. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातो. दक्षिण कोकणात तो याहून कमी असतो. आपण चारच मीटर धरू. मध्यरात्री पाणी आठ मीटर झाले, नाळेपर्यंत नऊ. पस्तीस मीटर दोर आता चार पटही भरत नाही. दोर तोच, नांगर तोच, आणि भरोसा अर्ध्यावर आला. म्हणून दोराचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा: नऊ सत्ते त्रेसष्ट मीटर. आणि गलबताच्या बुडाखाली पाणी उरेल की नाही याचा हिशेब ओहोटीच्या पाण्यावर. शिवाय त्रेसष्ट मीटर दोर सोडला म्हणजे वारा फिरल्यावर गलबत नांगराभोवती सव्वाशे मीटरांहून मोठ्या व्यासाचे वर्तुळ घेणार. त्या वर्तुळात खडक, उथळ जागा किंवा दुसऱ्याचे गलबत येता कामा नये. अरुंद खाडीत इतकी जागा नसते. तेव्हा दोन नांगर टाकतात, एक भरतीच्या दिशेला आणि एक ओहोटीच्या, कारण खाडीत गलबत वाऱ्याचेच ऐकेल असे नाही. ओहोटीचा ओघ वाऱ्याविरुद्ध वाहत असेल तर ते दोघांच्या मध्ये आडवे राहते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की गलबतावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. संध्याकाळी पंधरा सागरी मैल वेगाने वाहणारा वारा रात्री तीस मैलांवर गेला तर नांगरावर चौपट ओढ बसणार. म्हणून शीड तर उतरवायचेच, पण परबाणही खाली घेऊन बांधायचे, कारण उघड्या काठ्यांवरही वारा धरतो.

नांगर पडल्यावर तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतो. एक जवळची, एक दूरची. देवळाची दीपमाळ आणि तिच्या मागच्या टेकडीवरचा एखादा माड, असे काहीतरी. काही वेळाने त्या दोन खुणा रेषेतून सरकल्या तर समजायचे की नांगर ओढला जातो आहे. रात्री दिव्यांच्या खुणा धरतात आणि एक खलाशी जागा राहतो.

याबाबतचा एक प्रसंग सांगतो. १९७९ सालच्या डिसेंबरात मंगळुरी कौले भरलेल्या एका मचव्यावर मालवणहून रत्नागिरीपर्यंत जाण्याची संधी मला मिळाली. तोपर्यंत बहुतेक मचव्यांवर इंजिने आली होती, पण या मचव्याचा भर शिडावर होता. देवगड मागे पडले आणि दुपारी वायव्येचा वारा वाढत गेला. चारच्या सुमारास विजयदुर्गाचे बुरूज दिसू लागले. बरोबर कौलांच्या व्यापाऱ्याचा माणूस होता. त्याचे म्हणणे असे की, उजेड अजून दोन तास आहे, पूर्णगडपर्यंत जाऊन मुचकुंदीच्या खाडीत थांबावे, उद्या दुपारपर्यंत माल उतरेल. तांडेलाने उत्तर दिले नाही. त्याने मचवा विजयदुर्गाच्या खाडीत वळविला, किल्ला मागे टाकून बराच आत नेला आणि नांगर टाकला. मग शांतपणे सांगितले की, मुचकुंदीचे मुख उथळ आहे, आपण पोचू तेव्हा अंधार आणि ओहोटी दोन्ही असतील, आणि या वाऱ्यात मुखावर लाटा फुटत असतील. आत शिरता आले नाही तर बाहेर थांबायला जागा नाही आणि परत फिरायला उजेड नाही. थोडक्यात, पुढच्या आसऱ्याचे दार उघडे असेल याची खात्री नसेल तर हाती असलेला आसरा सोडू नये, हे त्याचे शास्त्र होते.

रात्रभर वारा पडला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईतो आम्ही तिथेच होतो. आमच्या पुढे असलेला एक मचवा मात्र आदल्या संध्याकाळी पुढे गेला होता, आणि तो सुखरूप पोचल्याचे आम्हाला रत्नागिरीस कळले. व्यापाऱ्याने एका दिवसाचा खोळंबा म्हणून तांडेलाचे भाडे कापले. मी त्याला विचारले, वाईट वाटले का? तो म्हणाला, "तो गेलो, बरा झाला. काळोखात पाणी मोजूची पाळी माका नको." हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण सावधगिरीच्या कथांत पुढे गेलेला माणूस नेहमी बुडतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा पोचतो. जो थांबतो त्याचे नुकसान मात्र लगेच मोजता येते, आणि जे टळले त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. रात्रीच्या मुक्कामाचा निर्णय चुकतो तो बहुधा अज्ञानामुळे नव्हे, तर या हिशेबामुळे, असे माझे मत आहे.

हाच प्रश्न राज्याच्या पातळीवर कसा सोडविला गेला, हे पाहण्यासारखे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपल्यापैकी अनेकांना जहाजांसाठी आंबा-फणसाची झाडे रयतेकडून जबरीने तोडू नयेत या आज्ञेमुळे माहीत असेल. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात गलबतांच्या छावणीचाही विचार आहे. छावणी म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम. त्याचा आशय असा की, आगोट लागण्यापूर्वीच, पुरते दिवस हाताशी ठेवून, आरमार आसऱ्याला न्यावे. उघड्या बंदरी ठेवू नये, किल्ल्याच्या आश्रयाचे बंदर पाहावे. दरवर्षी त्याच गावावर भार टाकू नये. सगळे आरमार एकाच ठिकाणी न ठेवता विभागून ठेवावे. आणि रात्री जमिनीवरून व पाण्यावरून गस्त ठेवावी. वारा अनुकूल नसेल तर ईर्ष्येने लढत न बसता किल्ल्याच्या आसऱ्याला यावे, असाही त्यात सल्ला आहे. अमात्य स्वतः काही तांडेल नव्हते. पण ज्याने हे लिहिले किंवा लिहविले, त्याने तांडेलांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकलेले असले पाहिजे.

याच्या छत्तीस वर्षे आधी खांदेरीच्या लढ्यात मराठ्यांच्या लहान होड्यांनी मुक्कामाची जागा हेच शस्त्र केले होते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांच्या होड्या समोरच्या नागावच्या खाडीत राहत आणि रात्री सामान घेऊन बेटाकडे निसटत. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या उथळ पाण्यात शिरता येत नव्हते; त्यांना वाऱ्यापाण्यात बाहेरच थांबावे लागे. त्या ऑक्टोबरातल्या लढाईतही पाठलाग होताच मराठ्यांचे आरमार त्याच उथळ मुखाआड गेले. ज्या उथळ मुखाला माझा तांडेल भ्यायला, तेच येथे उपयोगी पडले. भरती-ओहोटीची वेळ कोणाला अधिक ठाऊक, एवढाच फरक.

आणि त्याची दुसरी बाजू विजयदुर्गासच घडली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी, पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला, एकमेकांना बांधून उभे होते. वारा आणि लाट यांच्या दृष्टीने त्या किनाऱ्यावर याहून चांगली जागा नव्हती. तोफेचा एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रज कंपनीकडूनच जिंकून घेतलेले होते. त्याने पेट घेतला आणि एकाला एक लागून असलेले सारे आरमार त्या आगीत गेले. विभागून ठेवा, हा आज्ञापत्रातला सल्ला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांचा होता. या घटनेतल्या राजकारणाविषयी इतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे आणि पेशव्यांना दोषही पुष्कळ दिला आहे. मला मात्र गर्दीने बांधलेल्या त्या गलबतांचे चित्र अधिक अस्वस्थ करते. आग सोडाच, वादळातही खेटून उभी असलेली गलबते एकमेकांना फोडतात, आणि एकाचा नांगर सुटला की ते चार दुसऱ्यांचे नांगर उपटून घेऊन जाते.

आतापर्यंत मी एका दिशेच्या वाऱ्याविषयी बोललो. चक्रीवादळात वारा दिशा बदलतो, आणि संध्याकाळी सुरक्षित असलेली जागा पहाटे सापळा होते. उत्तर गोलार्धात वादळाभोवतीचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. बॉइज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा १८५७ चा नियम सोपा आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचा मध्य आपल्या डाव्या हाताला असतो. समजा, वादळ अरबी समुद्रातून किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे चालले आहे. ते दक्षिणेस असताना कोकणात पूर्वेचा वारा येईल, म्हणजे जमिनीवरचा, आणि पाणी फसवे शांत दिसेल. मग तो आग्नेयेकडे, दक्षिणेकडे आणि शेवटी नैर्ऋत्य-पश्चिमेकडे वळेल. पूर्वेच्या वाऱ्यात उघड्या किनाऱ्यालगत निवांत उभे असलेले गलबत काही तासांत वारा-लाटांच्या थेट तोंडाशी येते. तेव्हा जागा निवडायची ती आत्ताच्या वाऱ्यासाठी नाही. वारा क्रमाने जिकडे जिकडे वळणार त्या सगळ्या दिशांसाठी.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ आणि तामिळनाडूच्या अडुसष्ट नौका, नऊशे बावन्न मच्छीमारांसह, महाराष्ट्राच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडला त्यांना आसरा मिळाला. भाषा निराळी, पण डोंगराच्या कवेतले पाणी कोणत्याही खलाशाला नकाशावर ओळखता येते. दरवर्षी हवा बिघडली की गुजरातच्या नौकाही तिथे येतात. उलट अनुभवही आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर चढले आणि पुढे कित्येक वर्षे ते बंधाऱ्याशी तसेच पडून होते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात उभ्या असलेल्या पी-३०५ या तराफ्याचे नांगर तुटले, तो वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचविले, तरी अनेकांचे प्राण गेले. तराफा शिडाचा नव्हता, पण नांगराच्या भरवशावर उघड्या समुद्रात थांबायचे की वेळेत आसऱ्याला जायचे, हा प्रश्न त्याच्यापुढेही तोच होता.

आज सूचना वेळेवर मिळतात, हे मान्य केले पाहिजे. बंदरावरचे इशारे एकपासून अकरापर्यंत क्रमांकांनी दिले जातात; वर्तमानपत्रात आपण वाचतो तो तीन क्रमांकाचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. अकरावा इशारा मला नेहमी विलक्षण वाटतो. हवामान केंद्राशी संपर्क तुटला, एवढेच तो सांगतो. १९९९ मध्ये हैदराबादेस स्थापन झालेली महासागर माहिती सेवेची संस्था लाटांचा अंदाज मच्छीमारांपर्यंत पोचविते. शिडाच्या नौकानयनातही आपली माणसे मागे नाहीत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पुरी केली. न थांबता, याचा अर्थ एकही रात्र नांगरावर नाही. खोल समुद्रात नांगर तळाला पोचत नाही. तेथे मोकळे पाणी हाच आसरा. किनाऱ्याने जाणाऱ्या लहान नौकेला मात्र ती चैन नाही.

तिच्या वाट्याला आलेली खरी अडचण आता निराळी आहे. कोकणातल्या अनेक खाड्यांची मुखे गाळाने उथळ होत चालली आहेत. सुवर्णदुर्गाजवळचे हर्णै बंदर वाऱ्याला उघडे. वादळाची सूचना आली की तेथील मच्छीमार नौका घेऊन शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत जातात, काही दाभोळ-जयगडकडे जातात. आंजर्ल्याच्या मुखावर वाळू साचलेली आहे. नौका पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या, त्यांना पाणी अधिक लागते, आणि मुखातले पाणी कमी झाले. त्यामुळे आत जायला भरती लागते. भरती सकाळी अकराला असेल आणि सूचना दुपारी दोनला आली, तर रात्रीच्या भरतीपर्यंत बाहेर थांबावे लागते, किंवा लाटा फुटत असताना मुखातून जाण्याचे धाडस करावे लागते. या मुखावर नौका वाळूत रुतून फुटल्या आहेत. गाळ काढण्याची मागणी वर्षानुवर्षे होते आहे. तोवर हर्णैचा तांडेल भरतीचे कोष्टक पाहतो, आकाश पाहतो आणि सूचना येण्याची वाट न पाहता, आधीच्या भरतीला नौका आत घेतो. त्या दिवसाची मासळी बुडते ती बुडते.